कंसातलं नाव, गाळलेलं नाव

आमच्या शेताच्या सातबाऱ्यावर आजोबांच्या चार वारसांचा काहीतरी माग असायला हवा होता. मोबाइलवर उतरवून घेतलेल्या सातबाऱ्यावर दोनच नावं होती.

झालं असं, की काकांनी वाटणीचा विषय काढला. मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो, त्यामुळे घरातली सगळी ऑनलाइन कामं आपोआप माझ्याकडे येतात. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव, कापूस आणि तुरीचं कोरडवाहू शेत. आजोबा गेले तेव्हा वारस म्हणून काका, बाबा आणि दोन आत्या अशी चार नावं लागली, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पुढे मोठ्या आत्यानं रजिस्टर हक्कसोडपत्र करून दिलं, तेव्हा तिचं नाव कमी होणं बरोबरच. पण धाकट्या आत्यानं कधी काही लिहून दिलं नव्हतं. तरी तीही नव्हती.

बाबांनी लोखंडी पेटीतून जुनी, हातानं लिहिलेली सातबाऱ्याची नक्कल शोधली आणि तिचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला. त्यात चारही नावं होती. मोठ्या आत्याच्या नावाला कंस केलेला, शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक. तिच्या खाली धाकट्या आत्याचं नाव, स्वच्छ, कंसाशिवाय.

मी त्या फोटोकडे बराच वेळ बघत बसलो. एकीचं नाव गेलं त्याची नोंद होती. दुसरीचं गेलं त्याची काहीच नोंद नव्हती. आणि नेमकं त्याच आठवड्यात मी ऑफिसात असंच काहीतरी करून बसलो होतो.

आमची एक ब्रँच फार गबाळी दिसत होती. ‘दुरुस्ती’, ‘परत दुरुस्ती’, ‘आता तरी चाललं पाहिजे’ अशा नावांच्या कमिटांची रांग लागली होती. मी ती नीट लावली, बऱ्याच कमिटांचं एक केलं आणि सर्व्हरवर जबरदस्तीनं चढवलं. गिटच्या भाषेत रिबेस केलं आणि फोर्स पुश मारला. मधल्या काळात एका सहकाऱ्यानं त्याच ब्रँचवर दोन दिवसांचं काम चढवून ठेवलं होतं आणि तो रजेवर गेला होता. ते मी बघितलंच नव्हतं. माझ्या नीटनेटक्या हिस्ट्रीत तो नव्हताच. परत आल्यावर त्याच्या लॅपटॉपवर प्रत सापडली, म्हणून निभावलं.

झालेल्या गोष्टींची वही मागाहून नीट करावी की नाही, यावर सॉफ्टवेअरवाले वीस वर्षं भांडत आहेत. मी त्या भांडणात कायम ‘करावी’ या बाजूनं होतो. आत्याच्या नावानं मला तो वाद पहिल्यापासून पुन्हा वाचायला लावला.

एका एप्रिलमधल्या दोन वह्या

ज्यांनी कोड लिहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉलेजच्या प्रोजेक्टच्या फाइलला ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘खरंच फायनल’ अशी नावं आपण सगळ्यांनीच दिलेली असतात. व्हर्जन कंट्रोल म्हणजे याच गोष्टीची शिस्त. कोणी, कधी, काय बदललं आणि का, याची नोंद ठेवणारी वही. प्रत्येक नोंद म्हणजे एक कमिट. १९७२ मध्ये बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस लिहिलं, तिथून ही परंपरा सुरू होते. पुढे आरसीएस, सीव्हीएस, सबव्हर्जन आले. सीव्हीएस आणि सबव्हर्जनमध्ये सगळ्यांची मिळून एकच वही सर्व्हरवर असायची आणि आपण तिच्यात भर घालायची. घातलेली नोंद काढणं जवळजवळ अशक्य. सबव्हर्जनला तर ‘एखादी नोंद मुळासकट काढता आली पाहिजे’ अशी मागणी वर्षानुवर्षं होत राहिली, पण तशी सोय काही आली नाही.

लिनक्सचं काम २००२ पासून बिटकीपर नावाच्या व्यापारी साधनावर चालायचं. लिनक्सवाल्यांना ते फुकट होतं. २००५ च्या एप्रिलमध्ये कंपनीनं ती सवलत काढून घेतली आणि जगातला एक मोठा प्रकल्प वहीशिवाय उरला. लिनस टोरवाल्ड्सनं स्वतःच साधन लिहायला घेतलं. गिटचा पहिला कमिट ७ एप्रिल २००५ चा आहे. त्याच अडचणीवर ऑलिव्हिया मॅकॉल यांनी मर्क्युरियल लिहिलं आणि १९ एप्रिलला जाहीर केलं. बारा दिवसांच्या अंतरानं जन्मलेली भावंडंच ही.

दोघांची मूळ कल्पना एकच. आता वही एका ठिकाणी नाही, प्रत्येकाकडे पूर्ण प्रत. प्रत्येक कमिटला त्याच्या मजकुरावरून काढलेला एक लांबलचक क्रमांक, आणि त्या मजकुरात आधीच्या कमिटचा क्रमांकही धरलेला. म्हणजे साखळीतली जुनी कडी थोडीशी जरी बदलली, तरी तिच्यापुढच्या प्रत्येक कडीचा क्रमांक बदलतो. गुपचूप खाडाखोड करता येत नाही.

मग भांडण कशावर झालं? जुनी साखळी बाजूला ठेवून तिच्यासारखी दिसणारी नवी साखळी रचायची आणि ‘हीच खरी’ म्हणायचं, याला परवानगी द्यायची का, यावर.

नीट करावी की जशी आहे तशी ठेवावी

गिटनं ती मोकळीक पहिल्यापासून दिली. शेवटचा कमिट बदलता येतो, चार कमिटांचा एक करता येतो, क्रम उलटापालटा करता येतो, एखादा सरळ वगळता येतो. यामागचा विचार हलका नाही. पुढे तीन वर्षांनी कोणी हा कोड वाचायला बसेल, तेव्हा त्याला माझ्या रात्री दोनच्या धडपडीत रस नसणार. त्याला समजून घ्यायचं असतं की हा बदल का झाला. हिस्ट्री ही वाचणाऱ्यासाठी लिहायची गोष्ट आहे. लिनक्ससारख्या ठिकाणी, जिथे दुसऱ्याचा बदल तपासूनच आत घेतात, तिथे स्वच्छ मांडणी ही गरज असते.

मर्क्युरियलवाल्यांचं म्हणणं वेगळं. वही म्हणजे घडलेलं. ती नीटनेटकी करायला लागलात, की ती तुमच्या सोयीची गोष्ट होते. त्यांची साठवण पद्धतही तशीच होती. नोंदी शेवटाला जोडत जायच्या, मागे जाऊन हात लावायचा नाही. नवशिक्यानं चूक करून स्वतःचं काम घालवू नये, ही काळजीही त्यात होती. इतिहास बदलणारी साधनं त्यांच्याकडेही होती. आधी पॅचांची रांग सांभाळणारं एमक्यू, मग रिबेस, मग हिस्टएडिट. पण ती एक्स्टेन्शनच्या रूपात, आपण होऊन चालू केल्याशिवाय न दिसणारी. घरात कोयता असतो, पण तो पोरांच्या हाताला लागेल असा ठेवत नाहीत, तसं.

तिसरी बाजू फॉसिलची. एसक्यूलाइट लिहिणाऱ्या रिचर्ड हिप यांनी २००७ च्या सुमारास हे साधन केलं आणि त्यात रिबेस ठेवलंच नाही, विचारपूर्वक. कमिटचा संदेश चुकला तर दुरुस्त करता येतो, पण ती दुरुस्ती वेगळी नोंद म्हणून जोडली जाते. मूळ चुकलेला संदेश जागेवरच राहतो.

मी ऑफिसात हिरिरीनं गिटची बाजू मांडायचो. गिटमध्ये रिफ्लॉग असतो, काही हरवत नाही, असं सांगायचो. ते अर्धं खरं आहे. गिट जुन्या जागांची एक डायरी ठेवतं. पण नेहमीच्या सेटिंगमध्ये ती साधारण ९० दिवस, आणि कशालाच जोडलेल्या न उरलेल्या कमिटांसाठी ३० दिवस. शिवाय ती डायरी ज्याच्या त्याच्या यंत्रावर, बाकीच्यांना न दिसणारी. मी काय वगळलं हे माझ्या लॅपटॉपला माहीत होतं. ज्याचं काम वगळलं त्याला ते कळायचा मार्ग नव्हता.

लिनस यांनी या बाबतीत लोकांना दिलेला सल्ला थोडक्यात असा, की स्वतःचं, अजून कोणाला न दिलेलं काम हवं तेवढं नीट करा. एकदा ते दुसऱ्याच्या हातात गेलं, की हात लावू नका. नियम चांगला आहे. फक्त गिट तो स्वतःहून पाळायला लावत नाही. तो माणसाच्या शहाणपणावर सोडलेला आहे, आणि माझं शहाणपण त्या आठवड्यात कुठे होतं ते मी सांगितलंच.

मर्क्युरियलनं २०१२ मध्ये हाच नियम साधनात घातला. प्रत्येक कमिटला एक अवस्था मिळाली. ‘ड्राफ्ट’ म्हणजे कच्चं, अजून घरातलं. ‘पब्लिक’ म्हणजे गावात गेलेलं. कच्चं असेल तोवर बदला. गावात गेलं की साधन स्वतःच नको म्हणतं. आणि पिएर-इव्ह डेव्हिड यांच्या इव्हॉल्व्हनं आणखी एक पाऊल टाकलं. कच्चा कमिट बदललात, तर जुना नाहीसा होत नाही. त्याच्यावर खूण बसते, की हा आता रद्द, याच्या जागी हा नवा, बदलणारा अमुक, तारीख तमुक. आणि ही खूण सोबत्यांकडेही जाते. तुमच्या जुन्या कमिटवर ज्यानं काम केलं, त्याला त्याचं साधन सांगतं, की तुझ्या पायाखालची वीट बदलली आहे, नवी वीट ही.

हे वाचताना मला बाबांनी पाठवलेला फोटो आठवला. जुनं नाव तसंच, त्याला कंस. शेजारी वर्तुळात क्रमांक, जो सांगतो की का आणि कधी. जे मर्क्युरियलवाल्यांना २०१२ मध्ये सुचलं, ते आमच्याकडचा पटवारी कितीतरी आधीपासून शाईनं करत होता.

पटवाऱ्याची वही

सरकारनं मागे तलाठ्याचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी केलं, पण आमच्याकडे अजूनही पटवारीच म्हणतात. या शब्दातच आमच्या जिल्ह्याचा इतिहास आहे. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं, १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडलं गेलं. आमचा जिल्हा आधी वणीच्या नावानं ओळखला जायचा. १९०५ च्या फेररचनेत वाशीम जिल्हा मोडला आणि पुसद यवतमाळात आलं. स्वातंत्र्यानंतर आम्ही मध्य प्रदेशात, १९५६ ला मुंबई राज्यात, १९६० ला महाराष्ट्रात. माणूस जागेवरून हलला नाही, पण त्याच्या जमिनीची वही एका कायद्यातून दुसऱ्यात फिरत राहिली. १९२८ चा वऱ्हाडाचा महसूल कायदा, मग मध्य प्रदेशाचा १९५४ चा, मग महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, जी १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाली. म्हणून तर आमच्याकडचे जुने लोक आजही पुरावा म्हणून ‘चौपन्न-पंचावन्नचा अधिकार अभिलेख’ शोधत रेकॉर्ड रूमच्या खिडकीशी उभे असतात.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. साताला मालकी आणि हक्क, बाराला पीक. ही आजची स्थिती. पण तिथवर कसं पोहोचलो हे सातबारा सांगत नाही. ते सांगते गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही. खरेदी, वारस, बोजा, वाटणी, हक्कसोड, जे काही घडेल ते आधी इथे क्रमांकानं उतरतं. मग नोटीस निघते, चावडीवर लागते, संबंधितांना कळवायचं असतं. हरकतीसाठी १५ दिवस. हरकत आली तर प्रकरण नमुना सहा-अ या विवादग्रस्त प्रकरणांच्या वहीत जातं. नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि त्यानंतरच सातबारा बदलतो. नामंजूर झालेली नोंदसुद्धा वहीत राहते, नामंजूर म्हणून.

म्हणजे फेरफार हा कमिटांचा क्रम आणि सातबारा ही शेवटच्या कमिटनंतरची फाइल. कोणी कॉम्प्युटर न बघता केलेली ही रचना आहे, आणि तिच्यातली एक गोष्ट गिटपेक्षा पुढची आहे. बदल पक्का होण्याआधी, ज्याच्यावर परिणाम होणार त्याला कळवणं हा नियमाचाच भाग आहे.

मग धाकट्या आत्याचं नाव गेलं कसं?

पुनर्लेखन

हातानं लिहिलेल्या सातबाऱ्याचा कागद कंस, वर्तुळं आणि खाडाखोडीनं भरून जायचा. म्हणून दर दहा वर्षांनी तो नव्यानं लिहून काढायची पद्धत होती. त्याला पुनर्लेखन म्हणत. नव्या कागदावर फक्त चालू नोंदी घ्यायच्या, कंस झालेली नावं घ्यायची नाहीत.

रिबेस करणारा कोणीही हे वाक्य वाचून दचकेल. हे अगदी तेच आहे. गबाळी हिस्ट्री बाजूला, स्वच्छ पान पुढे. हेतू चांगला, वाचणाऱ्याची सोय. आणि धोकाही तोच. कोणतं नाव चालू आणि कोणतं कंसातलं, हे एका माणसानं, दिवसभरात शेकडो ओळी उतरवताना ठरवायचं. मोठ्या आत्याच्या नावाचा कंस जरा लांब ओढलेला होता. खालच्या ओळीला टेकत होता. लिहिणाऱ्यानं दोन्ही नावं कंसात धरली असावीत. निदान आम्हाला पटवाऱ्यानं तसंच सांगितलं, आणि फोटो बघून मलाही तेच वाटतं. मुद्दाम कोणी केलं असं मी म्हणत नाही.

मग संगणकीकरण आलं. हस्तलिखित सातबाऱ्यांची माहिती संगणकात भरली गेली आणि तिच्यात इतके फरक निघाले, की ते दुरुस्त करायला आधी ‘एडिट मॉड्यूल’ आणि नंतर ‘री-एडिट मॉड्यूल’ अशी सोय तलाठ्यांना द्यावी लागली. जगातल्या कोणत्याही प्रोग्रॅमरला हे नाव कळेल. २०१७ च्या उन्हाळ्यात राज्यभर चावडी वाचन झालं. गावकऱ्यांसमोर सातबारे वाचायचे, चूक असेल त्यानं बोलायचं. गावाचं काम पूर्ण झाल्याचं घोषणापत्र झालं की ती मोकळीक बंद. पुढे १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचे सातबारे मिळू लागले.

बघितलं तर हीच मर्क्युरियलची अवस्थांची कल्पना. घोषणापत्रापर्यंत ड्राफ्ट, दुरुस्त करा. त्यानंतर पब्लिक. आता बदल हवा तर संहितेचं कलम १५५. लेखनप्रमाद दुरुस्त करण्याचं ते कलम. आदेश हवा, संबंधितांना नोटीस हवी आणि त्या आदेशाचाही फेरफार.

पण संगणकात भरायला जो कागद समोर होता, तो पुनर्लेखन झालेला होता. त्यात आत्या आधीच नव्हती. यंत्रानं कागदाशी तंतोतंत मेळ घातला, आणि तो मेळ बरोबरच होता. चूक यंत्राच्या आधीची होती, यंत्रानं ती फक्त पक्की केली.

चावडीत कोण नसतं

चावडी वाचनाला बाबा गेले होते का, मी विचारलं. गेले होते. आमच्या गटाचं वाचन झालं, काकांचं नाव आलं, बाबांचं नाव आलं, दोघांनी माना हलवल्या. आपलं नाव बरोबर आहे ना, एवढंच माणूस ऐकतो. आपल्या शेजारी कोणाचं नाव यायला हवं होतं, हे ऐकायला त्याच माणसाला तिथे असावं लागतं. आणि धाकटी आत्या तीस वर्षांपासून दुसऱ्या तालुक्यात, सासरी.

मला यात या सगळ्या वादाचं खरं मर्म दिसतं. हिस्ट्री बदलावी की नाही या प्रश्नाला एकच उत्तर नाही. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत. मोठ्या आत्याचं नाव कमी झालं हाही बदलच होता आणि तो योग्य होता. प्रश्न दोनच. बदलाची खूण राहिली का? आणि ज्याचं काही जाणार होतं, त्याला कळलं का? माझा सहकारी रजेवर होता. आत्या सासरी होती. बदल करणारा नेहमी हजर असतो, आणि ज्याच्या वाट्याचं जातं तो बहुतेक वेळा खोलीत नसतो.

लेकींच्या बाबतीत तर हे गावोगाव आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासून मुलगी बापाची वारस आहे. वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं मुलाइतका हक्क देणारी दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली, म्हणजे गिट आणि मर्क्युरियलच्याच वर्षी. तरी दिवाळीला माहेरी आलेल्या बहिणीसमोर हक्कसोडपत्राचा कागद येतोच. तो कागद न्याय्य की अन्याय्य, हा वेगळा आणि मोठा विषय. पण निदान तो कागद असतो. त्यावर तिची सही असते, तारीख असते, दुय्यम निबंधकाचा शिक्का असतो, फेरफार क्रमांक असतो. उद्या तिच्या लेकीला विचारावंसं वाटलं, की आईचा हिस्सा कुठे गेला, तर उत्तर सापडतं. गाळलेल्या नावाला हे उत्तरही मिळत नाही.

आणि नोंदीचं वजन साधं नसतं. महसुली नोंदीनं मालकी ठरत नाही, असं न्यायालयांनी वेळोवेळी सांगितलं आहे. पण संहितेचं कलम १५७ असंही म्हणतं, की उलट सिद्ध होईपर्यंत अधिकार अभिलेखातली नोंद खरी मानायची. म्हणजे ज्याचं नाव आहे तो बसून राहतो. ज्याचं गळलं, त्यानं पेट्या उघडायच्या, नकला काढायच्या, तालुक्याला खेपा घालायच्या. पीककर्ज, अनुदान, भूसंपादनाचा मोबदला, सगळं त्या दोन ओळींवरून चालतं.

पेटीतली प्रत

आम्हाला तारलं ते दोन गोष्टींनी. पहिली, बाबांची पेटी. गिट आणि मर्क्युरियलचा सगळा अभिमान हाच, की प्रत्येकाकडे प्रत असते. सर्व्हर जळाला तरी कोणाच्या तरी यंत्रावर हिस्ट्री जिवंत राहते. सरकारी वही एकच असते असं आपल्याला वाटतं. पण गावातल्या प्रत्येक लोखंडी पेटीत, गादीखाली, देवघराच्या मागे जुन्या नकला असतात. माझ्या सहकाऱ्याचा लॅपटॉप आणि बाबांची पेटी यांनी एकच काम केलं.

दुसरी गोष्ट, नमुना सहा. सातबारा दर दहा वर्षांनी लिहून काढायचे, फेरफार नोंदवही नाही. आजोबांच्या वारस फेरफाराचा क्रमांक जुन्या नकलेवर होताच. तो घेऊन मी तहसिलीतून फेरफाराची नक्कल काढली. चारही नावं, वर्दीची तारीख, प्रमाणित केल्याची सही, सगळं जागेवर. हक्कसोडीच्या फेरफारात फक्त मोठ्या आत्याचं नाव. धाकटीचं नाव कमी करणारा फेरफार अख्ख्या वहीत नव्हता. बदल झाला होता, पण त्याचा कमिट नव्हता. आमची बाजू सिद्ध करायला हेच पुरेसं ठरलं.

अर्ज केला. नोटिसा निघाल्या, या वेळी सासरच्या पत्त्यावरही. जबाब झाले. काका सुरुवातीला गप्प होते. शेवटी म्हणाले, “आहे तिचं नाव, लावा.” काही महिन्यांनी आदेश झाला आणि नवा फेरफार पडला. पुनर्लेखनाच्या वेळी नजरचुकीनं नाव राहून गेलं, ते दाखल केलं, असा त्याचा अर्थ. सातबाऱ्यावर आत्या परत आली.

मला त्या फेरफाराचं वाचन करताना बरं वाटलं, ते नाव परत आलं एवढ्यासाठीच नाही. चूक पुसली नव्हती. ती झाली होती, कधी झाली आणि कशी सुधारली, हे आता नोंदीत आहे. पन्नास वर्षांनी कोणी ती वही उघडली, तर त्याला मधली दहा-पंधरा वर्षंही दिसतील, ज्यात आत्या कागदावर नव्हती.

गिट आणि मर्क्युरियलचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. गिट जिंकलं. मर्क्युरियलच्या घरासाठीच २००८ मध्ये सुरू झालेल्या बिटबकेटनं २०२० मध्ये मर्क्युरियल बंद केलं. फायरफॉक्सचा कोड अनेक वर्षं मर्क्युरियलवर होता, तोही २०२५ मध्ये गिटवर गेला. पण हरलेल्याचा विचार मेला नाही. जुजुत्सू नावाचं नवं साधन गिटच्याच साठ्यावर चालतं, हिस्ट्री मोकळेपणानं बदलू देतं, आणि प्रत्येक बदलाची, बदलाच्या बदलाचीही नोंद ठेवतं. कंस करा, पण क्रमांक टाका. मी हल्ली ते वापरून बघतोय. आणि सामायिक ब्रँचवर फोर्स पुश करायचा झालाच, तर आधी त्या ब्रँचवर काम करणाऱ्या प्रत्येकाला फोन करतो. रजेवर असेल त्याला आधी.

नवा सातबारा घेऊन मी आत्याकडे गेलो. तिनं तो चष्मा लावून वाचला, स्वतःच्या नावावर बोट ठेवून. मी विचारलं, आता काका हक्कसोड मागतील, तर काय करशील?

“मागतलं त बघू,” ती म्हणाली. “आधी मागतलं असतं त देल्लीही असती सही, बापू. मोठीनं देल्लीच ना. पण मी होतीच नाई, असं कायले दाखवाचं?”

मग तिनं तो कागद नीट घडी घातला आणि आत जाऊन तिच्या पेटीत ठेवला.